रिफ्रॅक्टिव्ह सर्जन व्हायचंय: एमएसनंतर फेलोशिप कोणती घ्यावी आणि आत्तापासून हात कशावर बसवावा?

तिसरं_वर्ष_नेत्र

नमस्कार. शासकीय महाविद्यालयात नेत्रशास्त्रात एमएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एसआयसीएस (लहान छेदातून हाताने करायची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया) शंभरच्या वर झाल्या, फेको (तीच अल्ट्रासाउंड मशिनने) जेमतेम १५. आमच्याकडे नंबर घालवायची लेसर, एक्सायमर आणि फेम्टो, दोन्ही नाहीत. पेंटाकॅम (कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, नकाशा काढणारं यंत्र) आहे, पण त्याची प्रिंट फाइलला लागते आणि तिथेच राहते. पुढे चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियांमध्येच काम करायचं ठरवलंय: लॅसिक (कॉर्नियाचा फ्लॅप उचलून खाली लेसर), पीआरके (फ्लॅप न करता पृष्ठभागावर लेसर), स्माइल (आतला पातळ पदर लेसरने कापून छोट्या छेदातून काढणं), आयसीएल (डोळ्याच्या आत बसवायची लेन्स).

विचारायचं ते असं. दीड-दोन वर्षांची कॉर्निया फेलोशिप घ्यावी की काही महिन्यांचा फक्त रिफ्रॅक्टिव्हचा कोर्स पुरे? परीक्षा आणि पदव्युत्तर बंधपत्राचं वर्ष अजून बाकी आहे, तेवढ्या काळात लेसर नसताना काय शिकता येईल? आणि स्माइल थेट शिकावं की आधी लॅसिक-पीआरके? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कॉर्निया_पुणे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कॉर्नियाची लांब फेलोशिप घ्या. कारण सांगतो.

लेसर चालवायला शिकणं हा या कामाचा लहान भाग आहे. फ्लॅप उचलणं, स्ट्रोमा (कॉर्नियाचा मधला जाड थर) कोरडा ठेवणं, ट्रॅकरवर डोळा धरणं, फ्लॅप परत बसवून धुणं हे निगुतीने काम करणारा माणूस काही आठवड्यांत शिकतो. पण आपल्यासमोर बसलेला माणूस आजारी नसतो. चष्मा लावून तो ६/६ वाचतो. मोतीबिंदूच्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर ६/९ दिसलं तरी तो हात जोडतो. मायनस ४ च्या पंचवीस वर्षांच्या मुलाला ६/९ देऊन चालत नाही. त्यामुळे कोणत्या डोळ्याला हात लावायचा नाही हे ओळखणं आणि काही बिघडलं तर ते स्वतः निस्तरणं, या दोन गोष्टी यायलाच हव्यात. आणि त्या कॉर्निया क्लिनिकमध्येच येतात. केराटोकोनसचे (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखी पुढे येण्याचा आजार) वेगवेगळ्या टप्प्यांवरचे शेकडो नकाशे नजरेखालून गेलेले नसतील, तर अगदी सुरुवातीचा केराटोकोनस पकडता येणार नाही. इन्फेक्शनचा अल्सर, क्रॉसलिंकिंग (कॉर्निया कडक करण्याचा उपचार), डाल्क (कॉर्नियाचे पुढचे थर बदलणं) हे केलेलं नसेल, तर लॅसिकनंतर इंटरफेसमध्ये पांढरं काही दिसल्यावर फोन दुसऱ्याला लावावा लागेल.

आपल्या भागात याला जास्त वजन आहे. नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडीत तिशीच्या पुढच्या लोकांमध्ये केराटोकोनसचं प्रमाण २.३ टक्के निघालं होतं. तिथे निकष कॉर्नियाची ताकद ४८ डायॉप्टर किंवा जास्त असा ढोबळ होता, हे लक्षात घेऊनही आकडा लहान नाही. शिवाय नंबर घालवायला येणाऱ्यांत डोळे चोळणारे, ॲलर्जीवाले, दर सहा महिन्यांनी सिलिंडर वाढणारे आपसूकच जास्त असतात.

कुठे घ्यावी: हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, बंगळुरूचं नारायण नेत्रालय ही नावं तुम्हाला माहीत असतीलच. दिल्लीच्या एम्समधल्या राजेंद्र प्रसाद केंद्रात तीन वर्षांची सीनिअर रेसिडेन्सी असते. पुण्यात एच. व्ही. देसाई रुग्णालयातही फेलोशिप चालतात. पण नुसत्या नावावर जाऊ नका. अर्ज करण्याआधी तिथल्या चालू फेलोला गाठा आणि हे विचारा: लेसर त्याच आवारात आहे की आठवड्यातून एकदा दुसरीकडे जावं लागतं? फेलो स्वतः प्रायमरी सर्जन म्हणून किती डोळे करतो आणि किती नुसते बघतो? ट्रीटमेंट प्लॅन कोण भरतं? एनहान्समेंटच्या (उरलेला नंबर पुन्हा काढण्याच्या) आणि बाहेरून आलेल्या गुंतागुंतीच्या केसेस फेलोला दाखवतात का? आयसीएल होतात का? प्लॅन फेलो भरत नसेल तर मोठ्या नावाच्या ठिकाणीही तुम्ही असिस्टंटच राहाल.

काही महिन्यांचे कोर्स वाईट नसतात. ते आधी कॉर्निया किंवा निदान पक्का फेको झालेल्यासाठी चांगले. एमएसवरून थेट तिथे गेलात तर मशिन हाताळता येईल, रुग्ण हाताळता येणार नाही.

वयाचा हिशेब मांडूनच निर्णय घ्या. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमएस ३, बंधपत्र १, फेलोशिप दीड-दोन. सगळं पहिल्या फटक्यात झालं तरी २९-३० होतात. नीट-पीजीला एखादं वर्ष गेलं असेल तर ते वर. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे फेलोशिपच्या तुटपुंज्या स्टायपेंडवर दोन वर्षं काढताना मागे लागणार नाहीत.

ऑप्टोम_नाशिक

लेसर नसताना काय शिकावं, याबद्दल माझ्या बाजूने सांगते. डॉक्टर, रिफ्रॅक्शन स्वतः करायला शिका. ऑटोरिफचा कागद हातात घेऊन पुढे जाणारे खूप असतात. लेसरमध्ये तुम्ही जो आकडा भराल तोच डोळ्यावर कोरला जातो, नंतर काच बदलून देता येत नाही.

तरुण मायोपची (मायनस नंबरवाल्याची) अकोमोडेशन, म्हणजे जवळ पाहण्यासाठी फोकस आवळण्याची ताकद, जोरात असते, नंबर सहज अर्धा डायॉप्टर जास्त निघतो. म्हणून आधी फॉगिंग (प्लस काचेने धूसर) करून सब्जेक्टिव्ह (रुग्णाला विचारत काढलेला नंबर), मग सायक्लोपेंटोलेट १ टक्का घालून सायक्लोप्लेजिक (अकोमोडेशन थांबवून काढलेला), आणि थेंबांचा असर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा सब्जेक्टिव्ह. तिन्ही आकडे समोरासमोर ठेवा. फरक अर्ध्या डायॉप्टरच्या वर गेला तर त्या दिवशी कोणताही आकडा अंतिम धरू नका. बाहुली मोठी झालेलीच असते, तेव्हा त्याच भेटीत रेटिनाची कडसुद्धा पाहून घ्या. मायोपमध्ये लॅटिस (रेटिनाची पातळ झालेली जागा) आणि बारीक होल सापडतात. बॅराज लेसर आधी, नंबरचं नंतर.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याला तपासणीआधी लेन्स काढायला लावा: सॉफ्ट असेल तर एक ते दोन आठवडे, आरजीपी (कडक लेन्स) असेल तर तीन-चार आठवडे, आणि लागोपाठ दोन नकाशे जुळेपर्यंत थांबा. लेन्सने दाबलेली कॉर्निया कधी केराटोकोनससारखी दिसते, कधी खरा केराटोकोनस झाकते. “परवाच काढली” म्हणणाऱ्याची तपासणी पुढच्या तारखेला.

व्हर्टेक्सचं, म्हणजे चष्म्याची काच ते कॉर्निया या अंतराचं, भान ठेवा. चष्म्यात १२ मिलिमीटरवर मायनस ८ असेल तर कॉर्नियाच्या पातळीवर तो मायनस ७.३० होतो. मशिन चष्म्याचा आकडा मागतंय की कॉर्नियाचा, आणि व्हर्टेक्स किती धरलाय, हे दर वेळी पाहा. मायनस २ ला याने काही बिघडत नाही, मायनस ८ ला पाऊण डायॉप्टरचा घोळ होतो.

कोरडेपणा मनावर घ्या. दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसणारी मंडळी हीच आपली गिऱ्हाइकं. शर्मर (अश्रूंची कागदी पट्टीची चाचणी) पाच मिनिटांत १० मिलिमीटरच्या आत, टीबीयूटी (अश्रूंचा थर फुटायला लागणारा वेळ) १० सेकंदांच्या आत, पापणीच्या कडेला दाबल्यावर मिबम (तिथल्या ग्रंथींचं तेल) टूथपेस्टसारखं बाहेर येतंय, असं असेल तर आधी महिना-दोन महिने शेक, पापण्यांची स्वच्छता, लुब्रिकंट. लॅसिकचा फ्लॅप कॉर्नियाच्या नसा कापतो आणि कोरडेपणा काही महिने वाढतो, हे रुग्णाला आधी सांगितलेलं बरं. नंतर सांगितलं तर त्याला ती सबब वाटते.

आणखी एक विचारायचा प्रश्न. चाळिशीजवळच्या मायनस २ वाल्याला विचारा, “चष्मा काढून वाचता का?” हो म्हणाला तर समजावा की दूरचा नंबर गेल्यावर जवळचा चष्मा लागणार. हे न सांगता केलेल्या केसेसमध्ये नंबर शून्य येऊनही रुग्ण नाराज असतो.

तिसरं_वर्ष_नेत्र

धन्यवाद सर, मॅडम. एक हिशेब विचारतो. सर्वांत पातळ जागी जाडी ४९० मायक्रॉन, नंबर मायनस ७, सिलिंडर नाही, नकाशा सरळ दिसतो. ११० चा फ्लॅप आणि ६.५ चा ऑप्टिकल झोन धरला तर खाली २८० च्या वर उरतात. पुस्तकात किमान २५० लिहिलंय. मग लॅसिकला हरकत काय? आणि नसेल जमत तर स्माइल करता येईल का?

कॉर्निया_पुणे

हिशेब चांगला काढलात, पण अर्धाच. पूर्ण मांडतो, कारण हा रुग्ण रोज येतो.

मन्नर्लिनचं ढोबळ सूत्र: ऑप्टिकल झोनचा वर्ग गुणिले डायॉप्टर, भागिले ३. म्हणजे ६.५ चा वर्ग ४२.२५, गुणिले ७, भागिले ३, बरोबर ९८.६. अंदाजे ९९ मायक्रॉन जाणार. ४९० वजा ११० वजा ९९, उरले २८१. आरएसबी, म्हणजे फ्लॅपखाली उरणारा स्ट्रोमा, पास. आता पीटीए काढा, म्हणजे एकूण जाडीपैकी किती टक्के आपण कामातून बाद केली: (११० अधिक ९९) भागिले ४९०, म्हणजे ४२.७ टक्के. ४० च्या वर गेलं की नकाशा सरळ असतानाही एक्टेशियाचा (शस्त्रक्रियेनंतर कॉर्निया कमजोर होऊन फुगत जाण्याचा) धोका वाढतो. २५० हा आकडा एकटा वापरायचा नसतो. त्यात वय २३-२४ असेल तर नाहीच. हाच हिशेब ५२० जाडी आणि मायनस ६ ला करून पाहा: जाणार ८४.५, आरएसबी ३२५, पीटीए ३७.४. एक डायॉप्टर आणि ३० मायक्रॉन इकडेतिकडे झाले आणि उत्तर फिरलं.

शिवाय हे सूत्राचे आकडे आहेत. मशिन ब्लेंड झोन धरून याहून जास्त काढतं, किती ते प्लॅनिंगच्या पडद्यावर दिसतं. अंतिम हिशेब नेहमी त्या आकड्यावर करा.

स्माइलने हा प्रश्न सुटत नाही. १२० ची कॅप (वर राहणारा थर), लेंटिक्यूल (काढायचा पदर) सूत्राने ९९ आणि त्याला कडेला हाताळता यावं म्हणून किमान जाडीचे १५, एकूण ११४. खाली उरले २५६, आणि प्रत्यक्षात मशिन लेंटिक्यूल आणखी जाड दाखवेल. स्माइलच्या बाजूने मुद्दा असा की पुढचा स्ट्रोमा सर्वांत मजबूत असतो आणि तो कॅपमध्ये बऱ्यापैकी अखंड राहतो. मुद्दा खरा आहे, पण म्हणून पातळ कॉर्नियावर मोठा नंबर काढायची मुभा मिळत नाही. स्माइलनंतरही एक्टेशिया झालेले आहेत.

पीआरकेत एपिथेलियमचे (कॉर्नियाच्या सर्वांत वरच्या थराचे) ५० आणि ९९ गेले तर ३४१ उरतात, पीटीए ३० टक्के. आकडे छान. पण मायनस ७ ला पृष्ठभागावर एवढं खणल्यावर हेझचा (कॉर्निया धूसर होण्याचा) धोका असतो, मायटोमायसिन ०.०२ टक्के लावावं लागतं, उन्हाचा चष्मा, लांब स्टिरॉइड आणि त्याबरोबर डोळ्याच्या दाबाची तपासणी आली.

या रुग्णाला मी आयसीएल सुचवेन. त्यासाठी एंडोथेलियमपासून (कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थरापासून) लेन्सपर्यंतची खोली किमान २.८ मिलिमीटर हवी, कोन उघडा हवा आणि एंडोथेलियल काउंट वयाप्रमाणे हवा. खोली २.६ निघाली तर तिकडचं दारही बंद. मग चष्मा. “तुम्हाला चष्माच चांगला” हे वाक्य न अडखळता म्हणता आलं पाहिजे. असा रुग्ण दुसरीकडे जाऊन करून घेईल, जाऊ द्या.

नकाशाबद्दल. “सरळ दिसतो” हे कशावरून? पुढच्या पृष्ठभागाचा रंगीत नकाशा पाहून म्हणत असाल तर थांबा. सुरुवातीच्या केराटोकोनसमध्ये उंचवट्यावर एपिथेलियम पातळ होतं आणि कडेला जाड, त्यामुळे पुढून खड्डा-उंचवटा बुजून जातो. खूण मागच्या पृष्ठभागावर आधी येते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी स्कॅनची गुणवत्ता; “ओके” नसेल तर प्रिंट फाडून पुन्हा घ्या. मग मागच्या पृष्ठभागाचं एलिव्हेशन, मग सर्वांत पातळ बिंदू मध्यापासून किती खाली आणि बाहेर सरकलाय, मग जाडी कडेकडे किती झपाट्याने वाढते, मग बेलिन-अम्ब्रोसिओचा डी, म्हणजे पेंटाकॅम देतो तो धोक्याचा एकत्रित आकडा. तो १.६ च्या वर असेल तर संशय, २.६ च्या वर असेल तर नाही. शेवटी पुढचा नकाशा, वरच्या-खालच्या ताकदीतला फरक १.४ डायॉप्टरच्या वर आहे का ते. आणि नेहमी दोन्ही डोळे शेजारी ठेवून. एका डोळ्यात स्पष्ट केराटोकोनस असेल तर दुसरा कितीही सुंदर दिसो, त्याला लेसर नाही. ओसीटीवर एपिथेलियमचा नकाशा निघत असेल तर मध्ये पातळ, भोवती जाड असं कडं शोधा.

तुमच्या विभागात पेंटाकॅम आहे ना? मग तुमच्याकडे सोनं पडून आहे. मागच्या दोन वर्षांच्या प्रिंट काढा, नाव झाका, आधी आपलं मत लिहा, मग फाइल उघडून पुढे काय झालं ते पाहा. रोज दहा. सहा महिन्यांत नजर बदलते.

थिएटर_टिपणं

स्माइल आधी की लॅसिक, यावर लिहितो. आधी पीआरके, मग फेम्टो-लॅसिक, मग स्माइल. कारण सोपं आहे: स्माइल अर्ध्यावर अडकलं तर तुम्ही पीआरके किंवा लॅसिकवरच येणार. परतीची वाट आधी माहीत हवी.

सक्शन सुटणं, म्हणजे लेसर चालू असताना डोळा धरून ठेवणारी पकड जाणं, घ्या. स्माइलमध्ये कापण्याचा क्रम असा असतो: लेंटिक्यूलचा मागचा पृष्ठभाग कडेकडून मध्याकडे, मग त्याची कड, मग पुढचा पृष्ठभाग म्हणजे कॅप मध्याकडून कडेकडे, शेवटी दोन ते चार मिलिमीटरचा छेद. मागचा कट दहा टक्क्यांच्या आत असताना सक्शन सुटलं तर पुन्हा डॉक करून पहिल्यापासून सुरू करता येतं. दहाच्या वर गेल्यावर सुटलं तर स्माइल सोडा, लॅसिकवर जा किंवा त्या दिवशी थांबा; तोच कट पुन्हा घेतला तर दोन पृष्ठभाग एकमेकांना छेदतात आणि पाचर निघते. कडेच्या कटला सुटलं तर कड थोड्या कमी व्यासाने पुन्हा, कॅपच्या वेळी सुटलं तर कॅप पुन्हा. हे थिएटरमध्ये आठवायचं नसतं, पाठ असावं लागतं.

सक्शन सुटतं ते बहुतेक वेळा रुग्ण हिरव्या दिव्याच्या मागे डोळा फिरवतो म्हणून. मागचा कट मध्यापर्यंत आला की दिवा धूसर होतो, माणूस घाबरून शोधायला लागतो. आधीच मराठीत समजावून ठेवा: “दिवा पुसट होईल, गेला तरी शोधू नका, आहे तिथेच बघत राहा.” कट चालू असताना तुमचा आवाज थांबता कामा नये, सेकंद मोजून दाखवा. जुन्या ५०० किलोहर्ट्झच्या मशिनवर हे अर्ध्या मिनिटाच्या आसपास चालतं, नव्यावर दहा सेकंदांच्या आत आटोपतं. पापण्या आवळणारा, मान ताठ धरणारा रुग्ण आधीच टेबलावर ओळखता येतो.

आता नवशिक्याची खरी अडचण. छेद उघडून स्पॅट्युला आत घातल्यावर तुम्ही लेंटिक्यूलच्या वर आहात की खाली, हे कळणं. आधी पुढची पातळी सोडवायची, मग मागची. चुकून मागची आधी सुटली तर लेंटिक्यूल कॅपच्या खालच्या बाजूला चिकटून बसतं, खाली काही आधार नसल्याने ते तुमच्या अवजाराबरोबर डुलतं आणि ओढाताणीत फाटतं. टाळायचं कसं? छेदाच्या एका टोकाला फक्त पुढच्या पातळीत एक मिलिमीटरची खिडकी करा आणि दुसऱ्या टोकाला कडेच्या खाली शिरून मागच्या पातळीत तेवढीच. दोन्ही दारं ओळखीची झाली की मगच झाडलोट करावी तसं सावकाश, रुंद फेरे घेत पुढची पातळी. सूक्ष्मदर्शकाखाली कडेच्या कटाचं पांढरं कडं दिसतं, त्यावर नजर ठेवा. अवजार कड्यावरून जाताना कडं झाकलं गेलं तर तुम्ही वर आहात. कडं अवजारावरून अखंड गेलेलं दिसलं तर खाली. शंका आली तर थांबा, बळ लावू नका. लेंटिक्यूल बाहेर काढल्यावर ते कॉर्नियावर पसरून कड गोल आणि सलग आहे का पाहा. एक तुकडा आत राहिला तर तिरपा सिलिंडर घेऊन रुग्ण आठवड्याने परत येईल.

लॅसिकमध्ये फेम्टोने फ्लॅप केल्यावर अपारदर्शक बुडबुड्यांचा थर आला तर घाई नको. थोडं थांबलं की विरतो, नाहीतर ट्रॅकरला बाहुली सापडत नाही. बुडबुडा एपिथेलियम फोडून वर आला असेल तर त्या जागी फ्लॅप उचलू नका, भोक पडेल. जिथे अजून ब्लेडचा मायक्रोकेराटोम वापरतात तिथे फार उतरत्या म्हणजे ४६-४८ डायॉप्टरच्या वरच्या कॉर्नियाला बटनहोल (फ्लॅपला मध्ये भोक) आणि ४० च्या खालच्या चपट्या कॉर्नियाला फ्लॅप बिजागरीतून सुटून हातात येणं, हे दोन धोके लक्षात ठेवा.

खोलीबद्दल कुणी शिकवत नाही म्हणून लिहितो. एक्सायमर १९३ नॅनोमीटरवर चालतो, एका पल्सला पाव मायक्रॉनच्या आसपास ऊती उडवतो, उष्णतेने भाजत नाही तर रेणूंचे बंध तोडतो. ऊतींवर असं होतं हे १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, जन्म चेन्नईचा, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवं. एवढ्या बारीक कामाला हवाही आड येते. खोली २० ते २२ अंश, आर्द्रता ४० ते ५० टक्के. कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये डीह्युमिडिफायर आदल्या संध्याकाळपासून चालू ठेवावा लागतो, सकाळी सुरू करून भागत नाही. ओलसर स्ट्रोमावर नंबर कमी उतरतो, कोरड्या पडलेल्यावर जास्त. म्हणून फ्लॅप उचलल्यापासून लेसर सुरू होईपर्यंतचा वेळ प्रत्येक डोळ्याला सारखा ठेवा. अत्तर, परफ्यूम, अल्कोहोलची वाफ लेसरच्या वाटेत नको, ती अतिनील किरण शोषते. रुग्णाला आदल्या दिवशीच सांगायचं, आणि स्टाफलाही.

पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, आर्द्रता, भरलेला नंबर, एक दिवस, एक आठवडा, एक महिना, तीन महिन्यांची दृष्टी आणि उरलेला नंबर. पन्नास-शंभर डोळ्यांनंतर मनातला आणि मिळालेला नंबर आलेखावर मांडला की आपल्या खोलीचा, आपल्या हाताचा नोमोग्राम (नंबर किती कमी-जास्त भरायचा याचा तक्ता) तयार होतो. दुसऱ्याचा नोमोग्राम उसना घेऊन चालत नाही.

कॉर्निया_पुणे

वरच्यात एक भर. फेलोशिपच्या मुलाखतीत हमखास विचारतात आणि प्रॅक्टिसमध्येही हमखास चुकतं ते.

पहिल्या-दुसऱ्या दिवशी फ्लॅपखाली वाळू पसरल्यासारखे पांढरे कण, डोळा फारसा लाल नाही, दुखत नाही: डीएलके, म्हणजे फ्लॅपखालची जंतूंशिवायची सूज. प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का दर तासाला आणि रोज तपासणी. कण मध्यात गोळा व्हायला लागले, तिसरी पायरी, की फ्लॅप उचलून धुवायचा. उद्या बघू म्हटलं तर स्ट्रोमा वितळायला लागतो.

आठ-दहा दिवसांनी, स्टिरॉइड चालू असताना, तशीच धूसरता आली तर? इथे नवा माणूस डीएलके समजून स्टिरॉइड वाढवतो. पण हा स्टिरॉइडने चढलेला दाब असू शकतो, ज्यात इंटरफेसमध्ये पाणी साचतं. घात असा की मध्यावर ॲप्लनेशनने दाब मोजला तर खालच्या पाण्यामुळे तो खोटाच कमी येतो. दाब कॉर्नियाच्या कडेला, फ्लॅपच्या बाहेर मोजा. उपचार उलटा: स्टिरॉइड बंद, दाब कमी करणारे थेंब चालू. उलट केलं तर ऑप्टिक नर्व्ह जाते, आणि ती चांगल्या डोळ्याची जाते.

एका जागी घट्ट ठिपका, दुखणं, लाली, उशिरा आलेली असेल तर इन्फेक्शनच समजा. फ्लॅप उचला, खरवडून कल्चरला पाठवा, ॲटिपिकल मायकोबॅक्टेरिया डोक्यात ठेवूनच.

फेको_शिकवणारी

बंधपत्राच्या वर्षाबद्दल. जिल्हा रुग्णालयात किंवा जिथे फेको मशिन आणि मोतीबिंदूची शिबिरं आहेत तिथे नेमणूक मिळते का पाहा. रिफ्रॅक्टिव्ह सर्जनचं निम्मं आयुष्य पुढे लेन्सवर जातं: टोरिक (सिलिंडर घालवणाऱ्या), मल्टिफोकल, आयसीएल, आणि वीस वर्षांपूर्वी लॅसिक केलेले आता मोतीबिंदू घेऊन येतात ते. अशा डोळ्यात नेहमीचं केराटोमीटर कॉर्नियाची ताकद जास्त दाखवतं, जुन्या सूत्राने लेन्स कमी पॉवरची निघते आणि रुग्ण प्लसमध्ये जातो. बॅरेट ट्रू-के किंवा हेगिस-एल वापरायची सवय आत्तापासून लावा.

टोरिकमध्ये अक्ष एक अंश हुकला की सुमारे ३.३ टक्के सिलिंडर उरतो, दहा अंशांना एक तृतीयांश, तीस अंशांना काहीच फायदा नाही. माणूस आडवा झाला की डोळा थोडा फिरतोच, म्हणून खूण बसलेल्या स्थितीत, डोकं सरळ असताना करायची. हे लेसरच्या सिलिंडरलाही लागू आहे.

आणि हात बसवायला बोकडाचे डोळे. सकाळी खाटकाकडून ताजे आणा, ओल्या कापडात गुंडाळून बर्फावर ठेवा, दुपारनंतर कॉर्निया ढगाळ होते. २६ नंबरच्या सुईने ऑप्टिक नर्व्हच्या बाजूने सलाइन भरून डोळा टणक करा, थर्मोकोलच्या खळग्यात टाचण्यांनी बसवा. एका डोळ्यावर तीन गोष्टी होतात. वीस टक्के अल्कोहोल ९ मिलिमीटरच्या रिंगमध्ये २० ते ३० सेकंद ठेवून एपिथेलियमचा पदर एकसंध सोडवणं. मग लिंबसजवळून क्रेसेंट ब्लेडने निम्म्या खोलीवर एक खिसा आणि त्याच्या खाली दुसरा, दोन्हींच्या मधला पातळ पदर न फाडता बाहेर काढणं. स्माइलच्या दोन पातळ्यांचा हा सर्वांत स्वस्त सराव. शेवटी १०-० नायलॉनने चार टाके, गाठ पुरलेली. आठवड्याला चार डोळे केले तरी फेलोशिपला जाईपर्यंत तुमचा हात वेगळा असेल.

एफआयसीओ, एफआरसीएस ग्लासगो या परीक्षा अभ्यासासाठी चांगल्या, पण त्यांनी शस्त्रक्रियेचा हात येत नाही. ब्रिटनमध्ये काम करायचा विचार असेल तर तिथल्या रॉयल कॉलेजचं लेसर रिफ्रॅक्टिव्हचं वेगळं प्रमाणपत्र आहे, त्यासाठी वही आणि निकालांचे आकडे लागतात. वर सांगितलेली वही तिथे उपयोगी पडेल.

सुरुवातीला स्वतःचं लेसर घ्यायच्या फंदात पडू नका. मशिनची किंमत कोटींत आणि प्रत्येक डोळ्यामागे कंपनीला पैसे द्यावे लागतात, वर गॅस आणि देखभाल. बहुतेक जण सामायिक लेसर सेंटरला आपला रुग्ण घेऊन जातात. तिथे जाताना एक अट पाळा: तपासणी तुमची, प्लॅन तुमचा, सेंटरच्या माणसाने तयार ठेवलेला प्लॅन नुसता दाबायचा नाही. संमतीपत्र मराठीत, रुग्णाला वाचून दाखवून, आदल्या भेटीत दिलेलं. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, आणि रिफ्रॅक्टिव्हमध्ये रुग्ण सगळे पैसे भरणारेच असतात. पेंटाकॅमची मूळ प्रिंट जपून ठेवा.

ऑप्टोम_नाशिक

मॅडमनी प्लॅनचा विषय काढला म्हणून एक राहिलेलं. सिलिंडर प्लसमध्ये लिहिलेला आणि मशिन मायनसमध्ये मागतंय, अशी गल्लत झाली की अक्ष ९० अंशांनी उलटा जातो आणि सिलिंडर दुप्पट होतो. ट्रान्सपोझिशन कागदावर करून शेजारी सही करा. लेसर सुरू होण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचायचं: रुग्णाचं नाव त्याच्याच तोंडून, डोळा कोणता, स्फेअर, सिलिंडर, अक्ष, केराटोमेट्री, जाडी. एकाने कागदावरून, दुसऱ्याने पडद्यावरून. दोन बहिणी किंवा एकाच आडनावाचे दोघे एका दिवशी यादीत असतील तर त्यांच्यामध्ये तिसरं नाव घाला.

तिसरं_वर्ष_नेत्र

सर्वांचे मनापासून आभार. उद्यापासून दहा प्रिंट आणि रविवारी बोकडाचे डोळे. पेंटाकॅमच्या जुन्या फाइल काढायला विभागप्रमुखांची लेखी परवानगी मागतोय. कॉर्निया सर, मत नोंदवायचा तक्ता कसा करू? रकाने कोणते?

कॉर्निया_पुणे

परवानगी लेखी घेताय ते योग्य. रकाने: वय, डोळा, स्कॅन ओके की नाही, मागचं एलिव्हेशन, सर्वांत पातळ जाडी आणि तिची जागा, डी, तुमचं मत “करू”, “थांबू” की “नाही”, आणि शेवटी एक ओळ, मत कशामुळे. ती ओळ लिहिता आली नाही तर “थांबू” लिहा. शंभर झाले की इथे टाका, नावं काढून. बघू आपण.